बाग फुलण्याआधी पाण्याचा ताळेबंद

इमारतीच्या नकाशाला मंजुरी मिळवताना चटई क्षेत्र, वाहनतळ, अग्निशमन, सांडपाणी या सर्वांचा हिशेब द्यावा लागतो. इमारतीभोवतीच्या बागेला वर्षभरात किती पाणी लागेल, याचाही लेखी हिशेब त्या नकाशाला जोडावा, असे सांगितले तर आपल्याकडील अनेक बांधकाम व्यावसायिकांना ते चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र ही अट गेली तीन दशके टप्प्याटप्प्याने कडक होत आली आहे. नव्या घराची, कार्यालयाची वा व्यापारी संकुलाची बाग पाण्याच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत बसते, हे कागदावर सिद्ध केल्याशिवाय तेथे बांधकामाचा परवाना मिळत नाही. या अटीमागे काय गणित आहे, तिने काय साधले आणि कोठे ती अपुरी पडते, हे समजून घेणे पाणीटंचाईने ग्रासलेल्या कोणत्याही शहराच्या दृष्टीने उपयोगाचे आहे.

प्यायच्या पाण्यावर पोसलेली हिरवळ

कॅलिफोर्नियाच्या बहुतांश भागात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च हा तेथील ओला काळ. त्यानंतर उन्हाळा येतो तो जवळजवळ कोरडाच. म्हणजे झाडांची तहान जेव्हा सर्वाधिक असते, नेमके तेव्हाच आकाशातून काही मिळत नाही. अशा प्रदेशात विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, उपनगरे झपाट्याने वसली आणि प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एक चौकोन आला. ही आवड मूळची इंग्लंडमधली. तेथे बाराही महिने थोडाफार पाऊस पडत असल्याने हिरवळ फारशा सायासाविना टिकते. कॅलिफोर्नियात ती टिकवायची तर उन्हाळाभर नळ सोडून ठेवण्यावाचून पर्याय नव्हता.

हे पाणी दूरवरून येते. उत्तरेकडील डोंगरातील बर्फ वितळून भरणारी धरणे, शेकडो मैल लांबीचे कालवे आणि दक्षिण भागासाठी कोलोरॅडो नदी, असा हा पसारा आहे. एवढ्या लांबून आणलेले, शुद्ध केलेले, पंपांनी चढवलेले पाणी अखेरीस गवतावर शिंपडले जाते. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या अंदाजानुसार शहरी वापरातील सुमारे निम्मे पाणी घराबाहेर, मुख्यतः बागांसाठी खर्च होते. बचतीसाठी कोणी न्हाणीघरातील शॉवर बदलत असेल आणि बाहेर तुषार सिंचनाचे नळ पदपथावर पाणी उडवत असतील, तर त्या बचतीला फारसा अर्थ उरत नाही.

दुष्काळातून घडलेला कायदा

१९८७ ते १९९२ या काळात राज्याने दीर्घ दुष्काळ सोसला. त्या दुष्काळातच, १९९० साली, विधिमंडळाने बागांमधील जलसंधारणाचा कायदा केला. त्यानुसार जलसंपदा विभागाने एक आदर्श नियमावली तयार केली व ती १ जानेवारी १९९३ पासून अमलात आली. शहरे आणि काउंटी यांनी ती तरी स्वीकारावी, स्वतःची तरी करावी, किंवा आपल्याकडे तिची गरज का नाही हे सकारण नोंदवावे, अशी मुभा होती. ही शेवटची पळवाट पुढे महागात पडली.

२००६ च्या नव्या कायद्याने ती बुजवली. सुधारित नियमावली २००९ मध्ये आली आणि १ जानेवारी २०१० पर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने ती किंवा तितकीच परिणामकारक अशी स्वतःची नियमावली लागू करावी, असे बंधन आले. जी संस्था काहीच करणार नाही तेथे राज्याची नियमावली आपोआप लागू.

तिसरे वळण २०१५ मधले. २०१२ पासून पुन्हा दुष्काळ सुरू होता. १ एप्रिल २०१५ रोजी तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतात बर्फमोजणीच्या जागी उभे राहिले. त्या तारखेला एरव्ही जेथे पाच-सहा फूट बर्फ असायचा, तेथे वाळलेले गवत होते. तेथूनच त्यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के सक्तीची कपात जाहीर केली. त्याच आदेशात बागांची नियमावली कडक करण्याचे फर्मान होते. जुलै महिन्यात सुधारणा मंजूर झाली आणि डिसेंबर २०१५ पासून लागू झाली. पूर्वी नियम लागू होण्यासाठी विकासकाची बाग किमान २,५०० चौरस फुटांची असावी लागे. घरमालक स्वतः करवून घेत असलेल्या बागेला ५,००० चौरस फुटांपर्यंत सूट होती. आता नव्या बांधकामासोबतची ५०० चौरस फुटांची बागही नियमाखाली आली. ५०० चौरस फूट म्हणजे एका मध्यम सदनिकेएवढी जागा. याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक नवे स्वतंत्र घर हिशेबाच्या कक्षेत आले.

बंदी नव्हे, अंदाजपत्रक

या नियमावलीचे वैशिष्ट्य असे की, अमुक झाड लावा आणि तमुक लावू नका, असे फर्मान ती सहसा काढत नाही. ती प्रत्येक बागेला वर्षाचे पाण्याचे अंदाजपत्रक ठरवून देते. त्या मर्यादेत राहून मालकाने गुलाब लावावेत की निवडुंग, हा त्याच्या आवडीचा प्रश्न.

हे अंदाजपत्रक तीन गोष्टींवरून ठरते. पहिली गोष्ट म्हणजे त्या गावची हवा. ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रता यांमुळे जमिनीतून आणि पानांतून मिळून किती पाणी हवेत उडून जाते, त्याला बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. आपल्याकडील ठिबक सिंचनाच्या बागायतदारांना ही संकल्पना नवी नाही, कारण द्राक्षाला वा डाळिंबाला आज किती लिटर पाणी द्यावे, हे याच मोजमापावरून काढतात. कॅलिफोर्नियात १९८२ पासून हवामान केंद्रांचे एक जाळे यासाठी उभारले गेले असून आज शंभराहून अधिक केंद्रे रोज ही आकडेवारी पुरवतात. दुसरी गोष्ट बागेचे क्षेत्रफळ. तिसरी गोष्ट म्हणजे राज्याने ठरवलेला गुणांक. जमिनीवर सर्वत्र उत्तम हिरवळ असती तर जेवढे पाणी उडाले असते, त्याच्या किती टक्के पाणी या बागेला मिळावे, हे तो गुणांक सांगतो. १९९३ मध्ये तो ०.८ होता, २०१० पासून ०.७ झाला, आणि २०१५ च्या सुधारणेने निवासी बागांसाठी ०.५५ व इतर बागांसाठी ०.४५ वर आला.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. फ्रेस्नो हे राज्याच्या मध्यभागातील शेतीप्रधान खोऱ्यातले शहर. तेथे वर्षाला सरासरी ११ इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तर बाष्पपर्णोत्सर्जन ५१.१ इंच, म्हणजे सुमारे १,३०० मिलिमीटर आहे. तेथील नव्या घराच्या १,००० चौरस फुटांच्या बागेला २०१५ च्या गुणांकाने वर्षाला सुमारे ६६ हजार लिटर पाणी मंजूर होते. हीच बाग १९९३ च्या नियमाने ९६ हजार आणि २०१० च्या नियमाने ८४ हजार लिटरला पात्र ठरली असती.

आता खर्चाची बाजू. प्रत्येक वनस्पतीला तिच्या तहानेनुसार एक अंक दिलेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी हजारो वनस्पतींची अशी वर्गवारी केली आहे. अत्यल्प पाणी लागणाऱ्यांचा अंक ०.१ पर्यंत, अल्प पाणी लागणाऱ्यांचा ०.१ ते ०.३, मध्यम ०.४ ते ०.६ आणि अधिक पाणी लागणाऱ्यांचा ०.७ ते १. थंड हंगामातले नेहमीचे गवत शेवटच्या गटात मोडते. त्याचा अंक ०.८ धरला, तर वरील संपूर्ण बाग हिरवळीची करून तुषार सिंचनाने भिजवल्यास वर्षाला सुमारे १ लाख २८ हजार लिटर पाणी लागते. मंजूर मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तो नकाशा नामंजूर. तीच बाग ०.३ अंकाच्या, कोरड्या उन्हाळ्याला सरावलेल्या झुडुपांची करून ठिबकने भिजवली, तर ४४ हजार लिटरमध्ये भागते.

ज्याला मुलांना खेळण्यासाठी थोडी हिरवळ हवीच आहे, त्याने काय करावे? हिशेब मांडला तर उत्तर मिळते. २५० चौरस फूट हिरवळ आणि ७५० चौरस फूट अल्प पाण्याची झुडुपे, अशी वाटणी केल्यास एकूण गरज ६५ हजार लिटरच्या थोडी वर जाते आणि बाग मर्यादेत बसते. २,५०० चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या बागांना गणिताच्या कटकटीतून सोडवण्यासाठी नियमावलीत एक सोपी पर्यायी यादी दिली आहे. तिच्यात निवासी बागेत हिरवळ एक चतुर्थांशापेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. हा एक चतुर्थांश कोणी मनाने ठरवलेला नाही, तो वरील बेरजेतूनच आला आहे. अनिवासी इमारतींना मात्र या पर्यायात हिरवळ मुळीच नाही.

फळझाडे व भाजीपाला, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पोसलेल्या बागा आणि क्रीडांगणे यांचा गुणांक १ धरला जातो. ज्या गवतावर मुले खेळतात आणि जे गवत केवळ रस्त्यावरून दिसावे म्हणून असते, त्यांत कायदा फरक करतो. रस्त्यांच्या दुभाजकांत तर अधिक पाणी पिणाऱ्या वनस्पतींना बंदीच आहे.

माती, नळ्या आणि मीटर

कमी तहानेची झाडे निवडली म्हणजे काम संपले, असे नियमावली मानत नाही. पाणी वाया जाते ते बहुधा झाडामुळे नव्हे, तर ते देण्याच्या पद्धतीमुळे. तुषार सिंचनाने दिलेल्या १०० लिटरपैकी ७५ आणि ठिबकने दिलेल्यांपैकी ८१ लिटर पाणी मुळांच्या कामी येते, असे हिशेबासाठी धरले जाते. त्यामुळे पद्धत बदलली की गणितही बदलते.

याखेरीज काही अटी रोजच्या अनुभवातून आल्या आहेत. सारख्या तहानेच्या वनस्पती एका गटात लावायच्या आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र झडप ठेवायची. तसे केले नाही तर एका गुलाबासाठी शेजारच्या दहा निवडुंगांना फुकट पाणी पाजले जाते. दहा फुटांपेक्षा अरुंद पट्ट्यांत वरून पाणी फवारायचे नाही, कारण त्यातले बरेचसे डांबरावर पडते. २५ टक्क्यांहून तीव्र उतारावर हिरवळ लावायची नाही. लागवडीपूर्वी मातीची तपासणी करायची, दर १,००० चौरस फुटांना चार घन यार्ड कंपोस्ट सहा इंच खोलीपर्यंत मिसळायचे आणि उघड्या मातीवर तीन इंचांचे आच्छादन घालायचे. बांधकामाच्या यंत्रांनी दाबून टाकलेली, काँक्रीटच्या राडारोड्याने भरलेली माती पाणी धरून ठेवत नाही, हे कोणत्याही नव्या गृहसंकुलाच्या माळ्याला ठाऊक असते. ही अट त्यासाठीच आहे.

पाणी सोडण्याचे काम घड्याळावर न चालणाऱ्या, हवामान किंवा मातीतील ओल पाहून स्वतःच वेळ ठरवणाऱ्या नियंत्रकाकडे सोपवावे लागते. पाऊस पडत असताना कारंजी सुरू आहेत, हे हास्यास्पद दृश्य टाळण्यासाठी पावसाचा संवेदक सक्तीचा आहे. निवासी प्रकल्पांत बाग ५,००० चौरस फूट वा त्याहून मोठी असेल, तर तिला स्वतंत्र मीटर बसवावा लागतो. अनिवासी प्रकल्पांत ही मर्यादा १,००० चौरस फूट आहे. शेवटी सिंचन व्यवस्थेची तपासणी होऊन बाग आराखड्याप्रमाणे झाल्याचा पूर्णत्वाचा दाखला सादर करावा लागतो.

कायद्याच्या मर्यादा

या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव तिच्या व्याप्तीतच आहे. ती नव्या बागांसाठी आहे. जुन्या बागेची फेरआखणी परवाना लागण्याइतकी मोठी असेल तरच ती नियमात येते. अर्धशतकापूर्वी लावलेल्या लाखो हिरवळी तशाच राहतात. त्या काढण्यासाठी कायद्याऐवजी अनुदानाचा मार्ग धरला गेला. दक्षिण कॅलिफोर्नियाला घाऊक पाणी पुरवणाऱ्या मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टने हिरवळ काढणाऱ्यांना चौरस फुटामागे दोन डॉलर देऊ केले, तेव्हा इतकी झुंबड उडाली की २०१५ च्या जुलैपर्यंत निधी संपला.

दुसरी उणीव अंमलबजावणीची. दाखला मिळाल्यावर घरमालकाने झुडुपे उपटून पुन्हा गवत पेरले, तर ते कळणार कसे? छोट्या घरांना बागेचा वेगळा मीटर नसल्याने न्हाणीघराचे पाणी कोणते आणि बागेचे कोणते, हे पाणीपट्टीच्या बिलावरून सांगता येत नाही. स्थानिक संस्थांनी दरवर्षी राज्याला अहवाल द्यायचा असतो. परंतु नकाशे तपासणारा कर्मचारी एकच असेल आणि त्याच्यापुढे भूकंपरोधक पाया व अग्निसुरक्षा यांच्याही फायली असतील, तर झुडुपांच्या यादीकडे त्याचे लक्ष किती जाणार, हा व्यवहारातला प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. कॅलिफोर्नियात माणसांनी वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के शेतीला जाते. मग शहरातल्या अंगणांच्या मागे का लागायचे? या आक्षेपात तथ्य आहे आणि बागांचे नियम शेतीच्या पाण्याचा प्रश्न सोडवतील, असा दावा कोणी करू नये. मात्र शहराचा पाणीपुरवठा ही स्वतंत्र व्यवस्था असते. धरणातला वाटा, जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता आणि जलवाहिन्यांचा व्यास हे सारे उन्हाळ्यातल्या सर्वोच्च मागणीसाठी बांधावे लागते, आणि ती मागणी वाढवतात त्या बागाच.

सरसकट पाणी तोडण्याचे दुष्परिणामही दिसले. २०१५ मध्ये अनेकांनी हिरवळीचे पाणी बंद केले. तेव्हा तिच्या ओलीवर जगणारी मोठी सावलीची झाडेही सुकू लागली आणि निदान झाडांना तरी पाणी द्या, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. आणीबाणीतली काटकसर आणि आधीच आखलेली काटकसर यांत हाच फरक आहे. जून २०१५ ते मार्च २०१६ या काळात शहरांनी २०१३ च्या तुलनेत सुमारे २४ टक्के पाणी वाचवले खरे, पण त्यातला बराच भाग नळ बंद ठेवून साधला होता. आखणीतच कमी पाण्याची असलेली बाग अशा वेळी उजाड होत नाही.

पुढे कायदा आणखी एक पाऊल गेला. २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने व्यापारी, औद्योगिक व संस्थात्मक जागांतील केवळ शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी देण्यास २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंदी ठरवली. गृहसंकुलांच्या सामाईक जागांचा टप्पा २०२९ चा आहे, खासगी अंगणे मात्र वगळली आहेत. शेजारच्या नेवाडा राज्याने २०२१ मध्येच असा निर्णय घेऊन लास व्हेगास परिसरातील शोभेच्या गवताला कोलोरॅडोचे पाणी २०२६ च्या अखेरीपर्यंतच मिळेल, असे ठरवले. जेथे अंदाजपत्रक पुरे पडले नाही, तेथे अखेर बंदीची वेळ आली, असा याचा अर्थ.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, ही आपली स्थिती कॅलिफोर्नियाच्या उलट ऋतूंची असली तरी जातकुळीने तीच आहे. हिरवळीची आवड आपल्याकडेही साहेबाबरोबर आली आणि अशी रुजली की, लग्नकार्याच्या जागेलाच मराठीत 'लॉन्स' म्हणू लागले. टँकरच्या रांगा लागणाऱ्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातपत्रकांतही गालिच्यासारखे गवत ठळकपणे दिसते.

आपल्याकडे नियमच नाहीत, असे नाही. २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते आणि तिच्या अटींत बागेसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याचा समावेश असतो. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारण आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या तरतुदी आहेत. 'गृह' या हरित इमारतींच्या मानांकनात बागेची पाण्याची गरज घटवण्याला गुण आहेत, परंतु ते ऐच्छिक आहे. टंचाई टोकाला गेली की मग बंगळुरूसारखा प्रसंग येतो. तेथे मार्च २०२४ मध्ये पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठेवावा लागला.

या तरतुदी बागेला पाणी कोठून आणायचे ते सांगतात, किंवा ते केव्हा तोडायचे ते सांगतात. बागेने मुळात किती पाणी मागावे, हे ठरवणारा भाग मात्र रिकामा आहे. तो भरण्यासाठी लागणारे ज्ञान परदेशातून आणण्याची गरज नाही. कोणत्या पिकाला किती पाणी लागते, याची गणिते आपल्या कृषी विद्यापीठांकडे आहेत. ठिबकचा सर्वाधिक अनुभव असलेल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव तर पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणती पिके घ्यायची, हे त्यावरून ठरवते. एका दुष्काळी गावाने आपल्या शेतांसाठी जे केले, तेच शहरातल्या नव्या गृहसंकुलांनी आपल्या बागांसाठी करावे, एवढीच ही अपेक्षा आहे. बांधकामाच्या परवान्याबरोबर पाण्याचा एक कागद जोडण्याचा खर्च विकासकाला जड नाही. तो कागद नसल्याचा भुर्दंड मात्र विकासक निघून गेल्यावर त्या इमारतीत राहणाऱ्यांना दर उन्हाळ्यात टँकरच्या बिलांतून भरावा लागतो.